डाव्या पायाचं कलबूत

बाईंनी पिशवीतून बूट काढला, संग्रहालयाच्या भांडारपालांच्या टेबलावर कागद अंथरला आणि त्यावर तो ठेवला. डाव्या पायाचा. टाच चार बोटं उंच, पुढचा भाग आत वळलेला. अंगठ्याजवळची शिवण उसवून भोक पडलं होतं.

"ओळखलंत ना? वडिलांचं सामान मी इथे आणून दिलं होतं. बूट शिवायचे ते."

भांडारपालांनी ओळखलं होतं. नऊ वर्षांपूर्वी दुकान बंद झालं, तेव्हा ह्याच बाई दोन खोकी घेऊन संग्रहालयात आल्या होत्या. आत एक्केचाळीस कलबुतं, म्हणजे ज्यांच्यावर कातडं ताणून बूट शिवतात ती लाकडी पावलं. "इथे नीट राहतील," असं भांडारपालांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"जाण्याआधी बाबांनी माझे सहा जोड शिवून ठेवले होते," बाई म्हणाल्या. "पुरवून पुरवून वापरले. हा शेवटचा. नवीन कारागिराने दोनदा करून दिले, दोन्ही वेळा पाय सोलवटून निघाला. तो म्हणतो, वडिलांचं कलबूत आणा, मग जमेल. आठवडाभरासाठी द्या. हवं तर त्याच्या दुकानात मी राखण बसते."

भांडारपाल उठले आणि त्यांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

संग्रहालयात दर वर्षी एक कलाकार तीन महिने राहून काम करायचा. कर्मचारी त्याला पाहुणा म्हणायचे. एका पाहुण्याने पहारेकऱ्याची छत्रीच भिंतीला टांगली होती आणि लोक ती बघायला रांगेने आले होते. यंदाच्या पाहुणीला जुनं लाकूड हवं होतं. समितीने ठरवलं, नोंदवहीत क्रमांक न पडलेल्या वस्तू द्या. क्रमांक टाकणारा माणूस निवृत्त झाला तेव्हापासून त्याची खुर्ची रिकामीच होती, त्यामुळे अशा वस्तूंना तोटा नव्हता. यादी भांडारपालांनीच केली. "उद्या कोणी मागायला आलं तर?" असं त्यांनी विचारून पाहिलं. "नऊ वर्षांत कोण आलं?" संचालक म्हणाले. भांडारपालांनी सही केली.

बाईंना वरच्या दालनात नेताना सगळं सांगून टाकायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण बाई एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना चढत होत्या. भांडारपाल एक पायरी मागे राहून चढत राहिले. दालनाच्या दारात ते कसेबसे म्हणाले, "ती कापली आहेत, बाई. सगळी."

समोरच्या भिंतीवर एक्केचाळीस पावलं होती. प्रत्येक उभं चिरलेलं, दोन्ही अर्धी शेजारी शेजारी, आतलं लाकूड घासून चकचकीत केलेलं.

पाहुणी शिडीवर उभी राहून दिवे वळवत होती. बाईंच्या पायाकडे तिची नजर गेली, मग भिंतीकडे. ती खाली उतरली.

"काका, ह्यांना कुणी मालक नाही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मी जोडून देते. चिकटवून."

भांडारपालांनी मान हलवली. करवतीने खाल्लं ते एक, घासण्यात गेलं ते वेगळं. अर्धं बोट तरी कमी झालं असणार.

"मग पायाचं माप घेऊन मशीनवर नवं बनवून देते. अगदी तंतोतंत."

"माप त्या कारागिरानेही घेतलं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाबा कुठे सैल सोडायचे, ते ह्यात होतं."

आपलं पाऊल त्यांना शोधावं लागलं नाही. त्या जवळ गेल्या. कापलेल्या अंगावर मधोमध एक इवलंसं लाकडी पाऊल दिसत होतं, सहा-सात वर्षांच्या मुलीचं असावं तेवढं. त्याच्याभोवती कातड्याचे पातळ थर, एकावर एक डकवलेले. मुलगी वाढत गेली तसं बापाने नवं कलबूत केलं नव्हतं. त्याच पावलाला वाढवत नेलं होतं.

"ह्याच्यासमोर मी दोन दिवस नुसती बसून होते," पाहुणी हळूच म्हणाली.

बाईंनी थरांवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. "हा निळा माझ्या शाळेच्या दप्तराचा आहे," त्या म्हणाल्या. मग बोट काढून घेऊन त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"बूट होणार नाही, तर नाही," शेवटी बाई म्हणाल्या. "हे दोन तुकडे तरी मला द्या."

पाहुणीने भांडारपालांकडे पाहिलं. "माझी काही हरकत नाही. पण करारात लिहिलंय, केलेलं काम संग्रहालयाचं."

भांडारपाल फोन करायला गेले. परतायला त्यांना दहा मिनिटं लागली. त्यातलं संचालकांशी बोलणं एका मिनिटाचं होतं, बाकीचा वेळ ते जिन्यात उभे होते.

"शुक्रवारी उद्घाटन आहे," ते बाईंच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाले. "सगळ्या भिंतीला मिळून परवा संचालकांनीच एक क्रमांक टाकला. क्रमांक पडलेली वस्तू समितीच्या मंजुरीशिवाय हलवता येत नाही. अर्ज करा. मी लिहून देतो."

"समिती कधी बसते?"

"मार्चमध्ये बसली होती. पुढची तारीख अजून ठरलेली नाही."

बाईंनी मान डोलावली. पाहुणीने पुढे केलेल्या स्टुलावर बसून त्यांनी पायातल्या चपलेचा पट्टा आवळला. सोलवटलेल्या जागेवर बांधलेली पट्टी सरकली होती, तीही नीट केली. मग उभ्या राहिल्या.

"मला हे बघायला यायचं झालं, तर तिकीट काढावं लागेल का?"

"नाही. तुम्हाला नाही," भांडारपाल म्हणाले.

तिकीट माफ करणंही त्यांच्या हातात नव्हतं.