बुटाची नाडी

पुण्याहून सायकलवर निघालेला विनोदवीर संघपाल बाराव्या दिवशी आपल्या नागपुरात पोचला. दिवसभर पायडल मारायचं, संध्याकाळी नव्या गावाला हसवायचं. प्रेक्षक गप्प झाले की त्याला धडकी भरायची. धरमपेठेतल्या हॉलमध्ये तो माइक घेऊन खुर्चीतच बसला. “आज उभं राहवत नाही.” लोक हसले. “खरंच, पाय सुजलेत.” हशा वाढला. पहिल्या रांगेतून त्याची आई उठून मंचावर चढली. “काहून हासून राहिले गा? लेकरू थकलं माहं!” आता शिट्ट्याही आल्या. ती खाली बसली आणि त्याच्या बुटाची नाडी सोडू लागली. बूट निघेना. दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा रक्ताळलेला मोजा सगळ्यांना दिसला. हशा विझला. तिने पाय मांडीवर घेतला, पदराने वारा घातला. “बोलू नको, बापू.” कोणीच हसत नव्हतं. त्या शांततेची संघपालला पहिल्यांदाच भीती वाटली नाही.