लेकीकडे

"मंदाबाई नाही आल्या आज?"

गिऱ्हाईक बाई वांगी निवडत होती. भैय्याजींनी तोंड उघडलं. बायकोच्या तेरवीनंतरचा हा पहिलाच बाजार. पवनारहून वर्ध्याला येताना बसमध्ये त्यांनी 'मंदा गेली' एवढं एकच वाक्य मनाशी घोकलं होतं. जिभेवर मात्र दुसरंच आलं.

"लेकीकडे गेली. यवतमाळले."

"बरं झालं. तेवढाच आराम त्यांना." बाई वांगी पिशवीत टाकून पुढे गेली.

शेजारी कांदे घेऊन बसलेल्या रूपरावांचा तराजू हातातच राहिला. परवा तेही तेरवीला येऊन जेवून गेले होते. त्यांनी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजी मेथीवर पाणी शिंपडत होते.

भैय्याजींनी शेत पाहायचं आणि मंदाबाईंनी बाजार, असंच आजवर चाललेलं. भैय्याजींना चारचौघांत बोलणं जमत नसे. संध्याकाळी मंदाबाई रिकामी टोपली घेऊन यायच्या, जेवताना बाजारातल्या लोकांचं सांगत बसायच्या आणि हे नुसतं हूं हूं करायचे. कोणाचंच नाव त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. आज ती माणसं एकेक करून समोर येऊन उभी राहत होती.

कडेवर बाळ घेतलेली एक पोरगी आली. "त्यांना सांगा, आता दूध पुरते याला. मी इथं रडत उभी होती, तर त्यांनी मला आपल्याजवळ बसवलं आणि मेथीची जुडी हातात देऊन म्हणे, रोज खाजो. सांगाल ना?"

"सांगतो."

मग पेन्शनर मधुकरराव आले. त्यांनी सवयीनं भेंडीचं टोक मोडलं आणि थांबले. हातावर मंदाबाईंचा फटका बसला नव्हता.

"माझी बायको गेल्यावर भेंडीची भाजी मला मंदाबाईंनी शिकवली. इथंच, उभ्या उभ्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, चिकट झाली का? झाली होती. अख्ख्या बाजाराला ऐकवलं त्यांनी." ते हसले आणि भेंडी परत ढिगावर ठेवली. "त्या आल्या की नेतो."

एकीनं स्टीलच्या डब्यात लाडू आणले होते. आचलला द्या, म्हणाली. नात पहिलीत गेल्याचं मंदाबाईंनी तिला दोनदा सांगितलं होतं आणि फोटोही दाखवला होता. भैय्याजींनी डबा मांडीवर ठेवला.

"कधी येतात त्या?"

"येईन ती. लेकीचं घर आहे, राहीन थोडे दिवस."

दुपारपर्यंत हे असं सहज यायला लागलं. लेकीच्या, उज्वलाच्या घरी मंदा काय करत असेल, हेही ते सांगू लागले. पापड घालून राह्यली. शेजारणी जमवल्या असतीन तिनं. कोणी विचारलं की ती यवतमाळच्या ओट्यावर बसलेली त्यांना स्वच्छ दिसायची. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की ओटा रिकामा व्हायचा. मग ते वजनमाप खाली ठेवायचे.

शेवटी रूपराव सरकून जवळ आले.

"भैय्याजी, काऊन असं करून राह्यले? पुढच्या बाजारी काय सांगसान या लोकायले?"

भैय्याजींनी मेथीची एक जुडी उलटून ठेवली.

"मेली म्हटलं का मंग तिचं विचारनं बंद होते, रूपराव."

रूपराव आपल्या कांद्यांकडे परत गेले.

ऊन उतरत आलं तेव्हा अनुसयाबाई आली. बारीक, वाकलेली, एकटी राहणारी म्हातारी. एका डोळ्यावर मोतीबिंदूचं पांढरं धरलेलं, दुसरा आधीच गेलेला. दुकानं ती हातानं चाचपत येत होती. मेथीच्या ढिगाला हात लागला तशी थांबली.

"मंदा?"

"मी आहो, बाई. तिचा मालक."

"असं का? मंदा कुठी आहे? सोमवारी माह्या डोळ्याचं आपरेशन आहे, सेवाग्रामले. संग आपलं माणूस पाह्यजे म्हणते डाक्टर. मंदा म्हणे, मी येतो. तिच्याच भरवशावर तारीख घेतली, भाऊ. तिले आठवण देजा. मी फाट्यावर उभी राहीन."

लेकीकडे गेली, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच थांबले. ही बाई सोमवारी फाट्यावर उभी राहणार होती.

"मी येतो तुमच्या संग," ते म्हणाले.

"तुमी कायले? तुमाले वावरातलं काम असन. मंदा येते ना."

"मंदा गेली, बाई."

"कुठी?"

भैय्याजींनी परत तोंड उघडलं. सकाळपासून या प्रश्नाला किती वेळा उत्तर दिलं होतं त्यांनी. आता ते उत्तर चालणार नव्हतं. त्यांनी शेजारी पाहिलं.

"रूपराव, तुमी सांगा ना बाईले."

रूपरावांनी मान खाली घातली. नीट रचलेले कांदे ते पुन्हा रचू लागले.

अनुसयाबाईनं आपला धूसर डोळा एकदा इकडे, एकदा तिकडे वळवला. तिनं हात पुढे करून भैय्याजींचा खांदा शोधला. तो हलत होता. तशीच त्याला धरून ती हळूहळू खाली बसली.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "नका सांगू."