मुरलेलं खत

अंबडच्या कॉलेजात शिकणाऱ्या वर्षाराणीने गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर मुरलेल्या शेणखताचा जाड थर अंथरला होता. असलं सोन्यासारखं खत कचऱ्यावर पडलेलं तिच्या बापाला, सुग्रीवला, बघवलं नाही. तिला न विचारता त्याने ते खरडून मोसंबीच्या आळ्यांत घातलं. आज ढीग पेटला. बापाला बोलवायला लेक बागेत धावत आली अन् आळ्यांतलं खत पाहून थबकली. "आबा, कुजत्या कचऱ्यातून हवा तापवणारा, पेटणारा गॅस निघतो. या खतातले जिवाणू तो खाऊन राह्यल्ते." जन्मभर मेंढरं राखलेल्या सुग्रीवने ओंजळभर खत उचललं. "म्हंजी चरती मेंढरं मी चाऱ्यावरून हाकलली." त्याने आळ्याकडे पाहिलं. "मंग हितं काय खात असतील ते?" "काहीच न्हाई, आबा." माळावर धूर दाटत होता. ओंजळ तशीच धरून सुग्रीव उभा राहिला. कुठं रिकामी करावी, त्याला कळेना.