अर्धी मिशी

सकाळचं ऊन गॅलरीच्या गजांतून सावकाश आत आलं. वाळत घातलेल्या पंच्यावर क्षणभर रेंगाळलं, फरशीवरून सरकत वेताच्या खुर्चीपर्यंत पोचलं आणि अप्पांच्या नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर स्थिरावलं. केमोनंतर झुबक्यांनी गळणारे केस सुधन्वाने स्वतःच मशीन फिरवून काढून टाकले होते. केस गळतात म्हणजे औषध लागू पडतंय, असं तो वडिलांना रोज सांगत असे. डॉक्टर वेगळं बोलले होते. ते त्याने ऐकून सोडून दिलं होतं.

"आता मिशीही उडव," अप्पा म्हणाले. "कसर लागल्यासारखी दिसतेय."

त्याने ती हलक्या हाताने काढली. वडिलांच्या ओठावरची ती फिकट, उघडी जागा त्याने जन्मात पाहिली नव्हती. अप्पांना एकटं वाटू नये म्हणून त्याने मशीन स्वतःच्या मिशीला लावलं. अर्धी मिशी उतरली आणि अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"अरे गाढवा, मिशी बाप गेल्यावर काढतात! मी अजून खुर्चीत बसलोय."

सुधन्वाचा हात जागीच थांबला. त्याच्या अर्ध्या मिशीकडे बघता बघता अप्पांना हसू फुटलं.

"काढ आता उरलेली. पण लगेच वाढव हं. ऐनवेळी न्हाव्यानं काय काढायचं?"

त्याला हसता आलं नाही. अप्पांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं वागणारा घरात तो एकटाच होता.

अप्पा बरे होणार नव्हते.