गाठीतला उजेड

“आता हे बुडबुड्यांचं औषध सोडते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रक्तातून ते जिथे जिथे जाईल, तिथे पडदा उजळेल. स्वादुपिंडातल्या या गाठीतही उजेड आला, तर नुसती सूज असायची शक्यता जास्त. पक्कं सांगायला तुकडा तपासावा लागेलच, पण मला अंदाज येईल.”

“आणि नाही आला तर?” टेबलावर पडल्या पडल्या वायरमनने विचारलं.

“मग पुढचं बघू, काका.”

सोनोग्राफीचा पडदा पेशंटकडे वळवून ठेवायची बाईंची जुनी खोड. आपल्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांना दिसलं की माणसाची भीती निम्मी होते, असं त्यांचं म्हणणं. वरिष्ठांनी कितीदा टोकलं, पण बाई ऐकतील तर शपथ.

वायरमनची बायको उशाशी उभी होती. बाईंच्या बोलण्यातलं तिने सोयीचं तेवढंच उचललं होतं: उजेड आला की सुटलो. कुणीही तेच केलं असतं.

नर्सने त्याच्या हाताला लावलेल्या सुईतून औषध सोडलं. पोटावरच्या गार जेलीवर बाईंचा हात सरकला आणि एका जागी थांबला. पडदा काळाच होता. मग एक रेघ चमकली, तिला फाटे फुटले आणि बघता बघता पडदा उजळून निघाला.

“आला! अहो, आला उजेड!” बायकोने त्याचा खांदा गच्च दाबला. “मी म्हणत नव्हते? उगाच आमचा जीव टांगणीला लावला होता.” ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “बाई, तुमच्या तोंडात साखर पडो.”

बाईंनी नुसताच हात पुन्हा त्याच जागेवरून फिरवला. एरवी त्यांचं तोंड मशीनपेक्षा जास्त चालायचं. पडदा परत फिरवावा असं त्यांना फार वाटलं, पण आता उशीर झाला होता.

वायरमन पडद्याकडे बघत होता. गेलेली लाइट परत आणण्यात त्याचा जन्म गेला होता. लाइट आली की सगळी आळी ओरडायची, पोरं टाळ्या पिटायची. हा मात्र खांबावरून उजळलेल्या खिडक्यांकडे बघायचाच नाही. अंधारात राहिलेलं एखादं घर शोधायचा आणि ते सापडलं की तिथेच टक लावून बसायचा. बायको दारातून ओरडून विचारायची, तेव्हा कुठे त्या घराचं नाव सांगायचा.

बोलता बोलता बायकोचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. मग त्याच्या नजरेच्या रोखाने तिने पडद्याकडे पाहिलं. चहूकडे उजेड होता. मधोमध लिंबाएवढा एक डाग तसाच काळा होता.

“कुणाचं घर राहिलं हो?” तिने हळूच विचारलं.