ब्रेकला पाजलेलं तेल

फायदा दुहेरी होता. गॅरेजचा खर्च वाचणार होता, आणि जावयाला जमलं नाही ते सासऱ्याने केलं, हे लेकीला कबूल करावं लागणार होतं. म्हणून शिंपीमास्तरांनी तिच्या गाडीच्या करकरणाऱ्या ब्रेकना शिलाई मशीनचं तेल पाजलं. तीस वर्षांत प्रत्येक करकर अशीच गप्प झाली होती. दुपारी एका टॅक्सीवाल्याची कंबर मोजताना त्यांनी फुशारकी मारली. त्याचं पोट टेपमध्येच आक्रसलं. “मास्तर, ब्रेकला तेल? अहो, तो घासूनच लागतो, तेलावर सटकेल. गाडी कुठंय?” मास्तर घरापुढच्या उतारावर धावले. लेक नातवाला घेऊन निघालीच होती. “बाबा, जमलं हं तुम्हाला,” खिडकीतून हसत ती पुढे गेली. “हँडब्रेक ओढ,” मास्तर ओरडले. तिने हात हलवला. खाली हमरस्त्याच्या तोंडाशी गाडीचे मागचे दिवे लाल झाले, आणि तसेच लाल राहून ट्रकांमध्ये शिरले.