पाचशेच्या सामानावर एक वाटी

“फुकट वाटून कधी दुकान चालतं का?” प्रमिलाबाईंनी सुनेला बजावलं होतं. तरी धनश्रीने डिंडोलीतल्या त्यांच्या किराणा दुकानावर संक्रांतीला बोर्ड लावलाच: पाचशेच्या सामानावर स्टीलची वाटी फुकट!

वाटीवर दुकानाचं नाव तिने मुद्दाम कोरलं नव्हतं. बायकांना हळदीकुंकवात लुटायला वाण आयतंच मिळालं. एकेक जण दोन-दोन महिन्यांचं सामान उचलू लागली.

रथसप्तमीला दोन दिवस उरले आणि वाट्यांचा खोका रिकामा झाला. दुकानात सात जणी पिशव्या घेऊन उभ्या.

“भाभी, वाटी नसेल तर सामान राहू द्या,” पुढची म्हणाली.

धनश्रीचा चेहरा उतरला. तेवढ्यात प्रमिलाबाई घरातून टोपली घेऊन आल्या आणि त्यांनी ती काउंटरमागे खणखणत रिकामी केली. तेवीस वाट्या! सगळ्या याच दुकानातून गेलेल्या, घरोघरच्या हळदीकुंकवात त्यांना वाण म्हणून मिळालेल्या.

“आई, एवढ्या?” धनश्रीचे डोळे विस्फारले.

प्रमिलाबाई तिच्या कानाशी वाकल्या. “मग? आठ दिवस रोज नवी साडी नेसून मी काय नुसता तिळगूळ खायला फिरत होते?”